पाच लाखांची रेघ: दिवाणी न्यायालयांच्या आर्थिक मर्यादेचं एक परीक्षण

मागच्या दिवाळीत घरी गेले होते, तेव्हा बाबांनी कपाटातून एक फाईल काढली. आत पासबुकाची झेरॉक्स, एका साध्या कागदावर लिहून घेतलेली पावती आणि रजिस्टर पोस्टाच्या दोन पोचपावत्या. ओळखीतल्या एका माणसाला घराच्या स्लॅबसाठी बाबांनी ५ लाख ४० हजार रुपये हातउसने दिले होते. बिनव्याजी. आधी ‘पुढच्या महिन्यात देतो’, मग ‘ऊस गेला की देतो’, मग फोनच बंद. दावा लावायची तीन वर्षांची मुदत संपायला चार महिने उरले होते.

बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. तालुक्याच्या वकीलसाहेबांनी त्यांना सांगितलं, "गुरुजी, चाळीस हजार सोडा. पाच लाखांचा दावा लावू, इथंच तालुक्याला चालेल. पूर्ण रक्कम मागितली तर वरिष्ठ स्तराकडे जावं लागेल. म्हणजे दर तारखेला बासष्ट किलोमीटर."

बाबांनी फाईल माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "अगं, तू एवढं संशोधन करतेस. मला एवढंच सांग, हा पाच लाखांचा आकडा आला कुठून?"

मला सांगता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर लाज वाटली, कारण माझं रोजचं कामच मर्यादांचं आहे. विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात पाण्यातल्या सूक्ष्म धातूंचं प्रमाण काढताना ‘डिटेक्शन लिमिट’ लिहिल्याशिवाय एकही तक्ता पुढे सरकत नाही. ती मर्यादा कशी काढली, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं: ब्लँक नमुना वारंवार मोजायचा, त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढायचं, तीनने गुणायचं. मग न्यायालयाच्या मर्यादेला तोच प्रश्न का विचारू नये?

म्हणून या वेळी पेपरऐवजी कायद्यातली एक व्यवस्था वाचायला घेतली आहे. पद्धत तीच, जी आपण इथे पेपरसाठी वापरतो: आधी सारांश, मग जमेच्या बाजू, मग आक्षेप, शेवटी शिफारस. मी वकील नाही, त्यामुळे हा कायदेशीर सल्ला समजू नका. एका आकड्याकडे संशोधकाने कसं बघावं, याचा हा सराव आहे.

सारांश: व्यवस्था काय म्हणते

दिवाणी दावा कुठे लावायचा, हे तीन प्रश्नांवर ठरतं. विषय कोणता? ठिकाण कोणतं? रक्कम किती? तिन्हींची उत्तरं जुळली तरच त्या न्यायालयाला तो दावा ऐकण्याचा अधिकार असतो.

विषयाचा प्रश्न सरळ आहे. घटस्फोट कुटुंब न्यायालयात, भाडेकरूला घराबाहेर काढण्याचा दावा त्यासाठी नेमलेल्या न्यायालयात. ठिकाणाचं उत्तर दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम २० मध्ये आहे: प्रतिवादी जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, किंवा दाव्याचं कारण पूर्णतः वा अंशतः जिथे घडलं तिथे. बाबांच्या बाबतीत दोन्ही आमच्याच तालुक्यात.

तिसरा प्रश्न रकमेचा. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे ५ लाख रुपयांपर्यंतचे दावे चालतात. वरिष्ठ स्तराला वरची मर्यादा नाही. मग कोणी म्हणेल, थेट वरिष्ठ स्तराकडेच जाऊ. तर कलम १५ ते करू देत नाही. दावा ऐकू शकेल अशा सर्वांत खालच्या पायरीच्या न्यायालयातच तो दाखल करायचा, असं ते कलम सांगतं. म्हणजे रेघेच्या अलीकडे असाल तर पलीकडे जायचं नाही, आणि पलीकडे असाल तर अलीकडे यायचं नाही.

मुंबईचं गणित वेगळं आहे. तिथे लघुवाद न्यायालय, शहर दिवाणी न्यायालय आणि मूळ दिवाणी दावे ऐकणारं उच्च न्यायालय अशी रचना आहे. आणि आपण ग्राहक म्हणून तक्रार करतो तेव्हा जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय आयोग अशी आणखी एक निराळी शिडी असते, तिच्या रेघा वेगळ्या.

जमेच्या बाजू

चांगला परीक्षक आधी चांगलं काय ते सांगतो. माझ्या पहिल्या मसुद्यात हा भाग नव्हता. रागात लिहिलेला मसुदा होता तो.

पहिली गोष्ट, मर्यादा लागतेच. रेघच नसती तर प्रत्येक जण सर्वांत मोठ्या न्यायालयात गेला असता आणि तिथली रांग कधीच संपली नसती. लहान दावे जवळच्या न्यायालयात जावेत ही कल्पना मुळात वादीच्या सोयीची आहे. बाबांना तालुक्याला जाता येतं ते याच व्यवस्थेमुळे.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली: या व्यवस्थेला स्वतःच्या मोजमापात चूक होऊ शकते हे माहीत आहे, आणि त्या चुकीचं काय करायचं हेही तिने आधीच लिहून ठेवलं आहे. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयात बिहारमधल्या एका जमिनीचा खटला आला होता. वादींनी स्वतः दाव्याचं मूल्य २,९५० रुपये लावलं होतं. ते खालच्या न्यायालयात हरले, अपिलात जिल्हा न्यायालयातही हरले. पुढे उच्च न्यायालयात मूल्य तपासलं गेलं तेव्हा ते ९,९८० रुपये निघालं. त्या वेळी तिथे ५,००० च्या वरच्या दाव्यांचं पहिलं अपील थेट उच्च न्यायालयात जायचं. म्हणून वादी म्हणाले, जिल्हा न्यायालयाला अधिकारच नव्हता, त्याचा निकाल रद्द समजा!

सर्वोच्च न्यायालयाने ऐकलं नाही. अधिकार नसलेल्या न्यायालयाचा हुकूमनामा शून्यवत असतो हे तत्त्व मान्य करून न्यायालयाने सांगितलं की मूल्य कमी किंवा जास्त लावलं गेल्याची हरकत वेगळ्या प्रकारची आहे. दावे मूल्यांकन अधिनियम, १८८७ च्या कलम ११ नुसार त्या चुकीमुळे गुणवत्तेवरच्या निकालाला प्रत्यक्ष बाधा पोचली, हे दाखवावं लागतं. नुसतं न्यायालय बदललं एवढं पुरत नाही. प्रक्रिया संहितेचं कलम २१ ही त्याच वळणाचं आहे: रकमेच्या मर्यादेची हरकत सुरुवातीलाच घ्या, नाहीतर विसरा.

आपल्या भाषेत सांगायचं तर उपकरणाच्या वाचनात थोडी चूक निघाली म्हणून अख्खा प्रयोग कचऱ्यात टाकायचा नाही, त्या चुकीचा निष्कर्षावर परिणाम झाला का ते बघायचं. कित्येक पेपरांमध्ये एवढाही विचार केलेला नसतो.

आक्षेप १: नेमकं काय मोजतोय, हेच बदलत राहतं

‘दाव्याचं मूल्य’ म्हणजे काय? हातउसन्या पैशात उत्तर सोपं आहे, मागितलेली रक्कम. पण वस्तू किंवा सेवा सदोष निघाली तर? वस्तूची किंमत, दुरुस्तीचा खर्च, झालेलं नुकसान, की मागितलेली भरपाई?

ग्राहक कायद्यात याची उत्तरं बदलत गेली. १९८६ च्या कायद्यात वस्तू किंवा सेवेचं मूल्य आणि मागितलेली भरपाई यांची बेरीज धरायची असं होतं. २००३ पासून जिल्हा मंचाची मर्यादा २० लाख होती. २०१६ मध्ये राष्ट्रीय आयोगाने स्पष्ट केलं की दोष छोटा असला तरी वस्तू किंवा सेवेचं पूर्ण मूल्यच धरायचं. नंतर २०१९ चा कायदा आला, २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्याने मापच बदललं: आता फक्त ग्राहकाने मोबदला म्हणून दिलेली रक्कम बघायची. जिल्हा आयोग १ कोटीपर्यंत, राज्य आयोग १ ते १० कोटी, त्यावर राष्ट्रीय आयोग. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस नियम करून हे आकडे खाली आणले: जिल्हा ५० लाखांपर्यंत, राज्य ५० लाख ते २ कोटी, त्यावर राष्ट्रीय.

एक उदाहरण घेऊन बघा. समजा, ८० लाख पूर्ण भरून घेतलेला फ्लॅट आहे आणि स्लॅबमधून पाणी गळतंय. दुरुस्तीला ५० हजार लागतील. २०१९ मध्ये तक्रार केली असती तर राज्य आयोग. २०२१ च्या सुरुवातीला केली असती तर जिल्हा आयोग. आज केली तर पुन्हा राज्य आयोग. फ्लॅट तोच, गळती तीच, बादलीसुद्धा तीच. आणि ८० पैकी ४० लाखच भरून झाले असतील तर आज परत जिल्हा आयोग, कारण ठरलेली नव्हे, दिलेली रक्कम मोजली जाते.

उलट टोकाचं उदाहरण सर्वोच्च न्यायालयातच आलं. एका कुटुंबाने ३० लाखांहून थोड्या जास्त किमतीची गाडी घेतली होती. गाडीला आग लागून पतीचा मृत्यू झाला. पत्नीने ५० कोटींहून अधिक भरपाई मागितली. जुन्या मापाने ही तक्रार सरळ राष्ट्रीय आयोगाकडे गेली असती, नव्या मापाने ती जिल्हा आयोगाकडे जाते. हे माप मनमानी आहे, असं तिचं म्हणणं होतं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं आणि दिलेल्या मोबदल्याचं माप वैध ठरवलं.

इथे थांबून दोन्ही बाजू नीट वाचा, कारण संशोधनात असाच पेच वारंवार येतो. न्यायालयाच्या म्हणण्यात तथ्य आहे. भरपाईचा आकडा तक्रारदार स्वतः लिहितो आणि तो कितीही फुगवता येतो. दिलेली किंमत पावतीवर असते. शिवाय मर्यादा फक्त कुठे जायचं ते ठरवते, किती मिळेल ते नाही. जिल्हा आयोग ५० लाखांहून जास्त भरपाईही देऊ शकतो.

तरी माझा आक्षेप उरतोच. पावती मोजायला सोपी आहे, म्हणून ती तक्रारीचं वजन दाखवते असं होत नाही. तीनशे रुपयांच्या हीटरच्या कॉइलनेही माणूस मरू शकतो. आपण प्रयोगशाळेत हेच करतो: जे मोजायचं आहे ते अवघड असतं, म्हणून त्याच्या जवळचं सोपं काहीतरी मोजतो. हरकत नाही. पण मग चर्चेच्या भागात ‘आम्ही प्रत्यक्षात किंमत मोजली, गांभीर्य नाही’ हे वाक्य लिहावं लागतं. हे वाक्य व्यवस्थेत कुठेच लिहिलेलं नाही, आणि सामान्य माणूस ‘मोठं न्यायालय म्हणजे मोठा अन्याय’ असंच समजून बसतो. मीही तेच समजत होते.

आक्षेप २: मोजणाराच मापात बसण्यासाठी स्वतःला कापून घेतो

बाबांना वकीलसाहेबांनी जे सुचवलं, ती काही पळवाट नव्हती. संहितेच्या दुसऱ्या आदेशातला दुसरा नियम सांगतो की एका कारणातून उद्भवलेली पूर्ण मागणी एकाच दाव्यात करायची. पण एखाद्या न्यायालयाच्या मर्यादेत बसण्यासाठी वादी मागणीचा काही भाग सोडून देऊ शकतो. आणि सोडलेल्या भागासाठी नंतर दुसरा दावा लावता येत नाही. सोडले ते सोडले.

म्हणजे ५ लाख ४० हजारांचे दोन दावे करता येत नाहीत. एकतर चाळीस हजार कायमचे विसरायचे, नाहीतर बासष्ट किलोमीटर.

आता विचार करा, हा पर्याय कोणासाठी खुला आहे? ज्याची मागणी रेघेच्या थोडीच वर आहे त्याच्यासाठी. नऊ लाख अडकलेला माणूस चार लाख सोडणार नाही. ४ लाख ९० हजारवाल्याला प्रश्नच पडत नाही. फटका बसतो तो रेघेच्या अगदी वर उभ्या असलेल्याला, आणि त्यातही ज्याला प्रवास परवडत नाही त्याला. प्रतिवादीला मात्र न्यायालयाचा दरवाजा वाजण्याआधीच चाळीस हजारांची सूट मिळते.

आकडेवारीच्या नजरेने बघितलं तर याचा आणखी एक परिणाम होतो. उद्या कोणी कनिष्ठ स्तरावरच्या दाव्यांच्या रकमांचा आलेख काढला आणि बरोबर ५ लाखांवर उंच टेकडी दिसली, तर ‘लोक साधारण पाच लाखच उसने देतात’ असा निष्कर्ष काढू नका. ती टेकडी रेघेने तयार केलेली असू शकते. परीक्षेच्या निकालात ३५ गुणांवर अशीच गर्दी दिसते, ती कशी ते आपल्याला माहीत आहे!

आक्षेप ३: कॅलिब्रेशनची तारीख नाही

आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येक तराजूवर स्टिकर असतो: शेवटचं कॅलिब्रेशन कधी, पुढचं कधी. स्टिकरची तारीख उलटली की त्या तराजूवर केलेलं वजन गाईड मान्य करत नाहीत.

न्यायालयाच्या मर्यादांवर असा स्टिकर नाही. मुंबईच्या शहर दिवाणी न्यायालयाचा कायदा १९४८ चा. सुरुवातीची मर्यादा १०,००० रुपये. जानेवारी १९५० मध्ये अधिसूचनेने ती २५,००० झाली. पुढच्याच महिन्यात सुमारे ११,७०० रुपयांचा एक दावा उच्च न्यायालयात दाखल झाला आणि प्रश्न उभा राहिला: हा दावा आता नक्की कोणाचा? सरकारने नुसत्या अधिसूचनेने रेघ सरकवणं वैध आहे का? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि रेघ सरकवणं वैध ठरलं. नंतर अनेक बदल होत २०१२ मध्ये ही मर्यादा १ कोटी झाली, आणि जानेवारी २०२४ पासून १० कोटी. दहापट, एका उडीत.

दुसरीकडे मुंबईच्याच लघुवाद न्यायालयात साध्या पैशाच्या दाव्यांची मर्यादा १०,००० रुपये आहे. जेआरएफचं मासिक मानधन जानेवारी २०२३ पासून ३७,००० आहे. म्हणजे माझे एका महिन्याचे पैसे कोणी बुडवले तर तो ‘लघु’ वाद राहत नाही.

तिसरीकडे रेघ खाली येते. २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्यात ‘विनिर्दिष्ट मूल्य’ १ कोटी होतं, २०१८ मध्ये ते ३ लाखांवर आणलं. ग्राहक आयोगाचे आकडे दीड वर्षाच्या आत अर्ध्यावर आणि त्याहून खाली आले, ते वर बघितलंच.

म्हणजे रेघा वर जातात, खाली येतात, किंवा दशकानुदशकं तशाच राहतात. पैशाची किंमत तर सगळ्यांसाठी एकाच दिशेने घसरते. मग या हालचालीचं कारण महागाई नाही, कुठल्या न्यायालयावर किती ओझं आहे ते आहे. तसं असायलाही हरकत नाही. पण मग मर्यादेला ‘कामाची वाटणी’ म्हणावं, ‘दाव्याचं मोठेपण’ म्हणू नये. बाबांच्या प्रश्नाचं मला सापडलेलं सगळ्यांत प्रामाणिक उत्तर हेच आहे: पाच लाख हा आकडा मोजून आलेला नाही, वाटणीसाठी ठरवलेला आहे.

आक्षेप ४: लहान रकमेला चूक दुरुस्तीची संधी कमी

हा मला सर्वांत गंभीर वाटतो. रक्कम फक्त न्यायालय ठरवत नाही, पुढच्या पायऱ्याही ठरवते. संहितेच्या कलम १०२ नुसार मूळ दावा २५,००० रुपयांपर्यंतच्या पैशाच्या वसुलीचा असेल तर द्वितीय अपील नाही. हा आकडा २००२ पासूनचा. कलम ९६ मध्ये आणखी एक बंधन आहे: लघुवाद स्वरूपाच्या १०,००० रुपयांपर्यंतच्या दाव्यात पहिलं अपीलही फक्त कायद्याच्या प्रश्नावर. साक्षीपुरावा चुकीचा वाचला गेला, अशी तक्रार तिथे चालत नाही.

ग्राहक आयोगात नेमकं उलटं. तिथे खालून सुरुवात केली की जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा जास्त पायऱ्या. लहान तक्रारदाराला दुरुस्तीची संधी जास्त, पण जिंकला तरी समोरची कंपनी अपिलांवर अपिलं करत त्याला दमवू शकते. एकाच देशात ‘लहान रक्कम’ म्हणजे एका ठिकाणी कमी पायऱ्या आणि दुसऱ्या ठिकाणी जास्त. कुठली रचना बरोबर यावर वाद होऊ शकतो. पण दोन्ही रचना एकाच तत्त्वावर उभ्या आहेत असं कोणी म्हणू लागलं, तर पुरावा मागा.

बारीक आक्षेप: नावं

‘लघुवाद न्यायालय’ हे नाव फसवं आहे. मुंबईत भाडेकरू आणि परवानाधारक यांच्याकडून जागेचा ताबा घेण्याचे दावे तिथेच चालतात, आणि त्यात मूल्याची मर्यादा लागत नाही. दक्षिण मुंबईतला कोट्यवधींचा फ्लॅट या ‘लघु’ वादात असू शकतो. बदल विषयावर आधारलेला, नाव मात्र रकमेवरचं. पेपरचं शीर्षक एक सांगतं आणि तक्ता दुसरंच दाखवतो, तसं.

शिफारस: मोठ्या दुरुस्त्यांसह स्वीकार

रेघ पुसा असं मी म्हणणार नाही. पण तीन दुरुस्त्या मागेन.

एक, रकमेसोबत दुसरं मापही ठेवा. हे अशक्य नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये लहान दाव्यांची सर्वसाधारण मर्यादा १०,००० पाउंड आहे, पण भाडेकरूने घराच्या दुरुस्तीसाठी केलेल्या दाव्यात ती १,००० पाउंडांवर थांबते. म्हणजे रक्कम लहान असली तरी वाद साधा असेलच असं नाही, हे नियमातच मान्य केलं आहे. कॅलिफोर्नियात व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत लहान दावा करता येतो, कंपनीला ६,२५० पर्यंतच. तिथे मागणारा कोण, हेही बघितलं जातं.

दोन, प्रत्येक मर्यादेला फेरतपासणीची ठरलेली तारीख द्या आणि बदलताना कारण लिहा. ग्राहक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही माप वैध ठरवताना संबंधित परिषदेला आणि प्राधिकरणाला कायद्याच्या अंमलबजावणीचा आढावा घेऊन सरकारला सल्ला द्यायला सांगितलंच.

तीन, रेघेच्या अगदी वरच्या लोकांसाठी मोकळी पट्टी ठेवा. दहा टक्क्यांपर्यंत जास्त रक्कम असेल आणि वादी, प्रतिवादी दोघंही एकाच तालुक्यातले असतील, तर तिथल्याच न्यायालयाला दावा ऐकू द्या. माझ्या क्षेत्रात मर्यादेजवळच्या वाचनाला ‘अनिश्चित’ म्हणून वेगळी खूण करतात. न्यायालयात ती खूण माणसाच्या खिशातून वजा होते.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

पुढच्या महिन्यात तुमच्यापैकी बरेच जण पेट देऊन मुलाखतीला बसतील. तुमच्या आराखड्यात कुठेतरी एखादी मर्यादा असणारच: ‘उत्पन्न अमुकच्या खाली’, ‘वय तमुकच्या वर’, ‘पी-व्हॅल्यू इतकी’. ती लिहिताना चार प्रश्न स्वतःलाच विचारा. हा आकडा नेमकं काय मोजतो? तो कोण भरतो, आणि त्याला तो वाकवायचं कारण आहे का? शेवटचा कधी तपासला? आणि रेघेच्या जेमतेम वर किंवा खाली जो राहतो, त्याचं काय होतं? ‘आधीच्या अभ्यासात असंच घेतलं आहे’ हे उत्तर समितीपुढे एकदा चालेल. दुसऱ्यांदा कोणीतरी पकडेल.

मी बाबांना म्हटलं होतं, चाळीस हजार सोडू नका, मी प्रवासाचे पैसे देते. त्यांनी वहीत हिशोब मांडून दाखवला. तालुक्याच्या वकिलांना तिकडे न्यायचं तर प्रत्येक वेळी वेगळे पैसे, एसटी, जेवण, अख्खा दिवस, आणि तारखा किती पडतील ते कोणालाच माहीत नाही. हिशोब त्यांचाच बरोबर होता. वादपत्रात चाळीस हजार सोडल्याचं लिहून त्यांनी मुदत संपायच्या आधी तालुक्यात दावा लावला.

पहिल्या तारखेला समोरचा माणूस आला नाही. पुढची तारीख पडली. संध्याकाळी बाबांचा फोन आला तेव्हा मी धास्तावून विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "काही नाही गं. अकराला गेलो, दोनला घरी जेवायला होतो."